घोषणेआधीचे आडाखे

मे संपत आला की आमच्या धंद्यातल्या माणसांना गप्पांसाठी एकच विषय पुरतो: ॲपल यंदा काय काढणार? जूनच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात या कंपनीची डेव्हलपर परिषद भरते. तिचं लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे ‘डबडब’ म्हणूनच मोकळे होतात. पहिल्या दिवशीचं मुख्य भाषण तिथल्या सकाळी दहाला सुरू होतं, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला. बाणेर-बालेवाडीकडच्या कितीतरी घरांत त्या रात्री जेवणं लवकर उरकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग अकराच्या पुढे गेलेली असते. त्याआधीचे दोन-तीन आठवडे मात्र निव्वळ आडाख्यांचे. मला ते प्रत्यक्ष भाषणाइतकेच मोलाचे वाटतात, कारण आपल्या कामाची समज किती खोल आहे ते तिथे कळतं.

त्याच दिवसांत इकडे मृगाची वाट पाहणारा शेतकरी कावळ्यानं यंदा घरटं झाडाच्या शेंड्याला बांधलंय की दाट फांद्यांत, ते बघत असतो. आमचं बघणंही त्याच जातीचं असतं. नजर एका बारीक खुणेवर आणि डोक्यात वर्षभराचा हिशेब.

बाहेरच्या जगाला यातली वस्तूंचीच चर्चा ऐकू येते: नवा मॅक येणार का, चष्मा येणार का, किंमत किती. याचं कारण साधं आहे. वस्तू हजारो हातांतून जाते. कुणी साचा बनवतं, कुणी काच कापतं, कव्हर बनवणाऱ्यांना मापं आधी हवी असतात, आणि काही देशांत विक्रीपूर्वी मॉडेल क्रमांक सरकारदरबारी नोंदवावा लागतो. यातला एखादा हात सैल पडला की बातमी फुटते. 2003 साली पॉवर मॅक जी5चे आकडे परिषदेच्या काही दिवस आधी खुद्द ॲपलच्याच ऑनलाइन दुकानात चुकून झळकले. 2010च्या वसंतात आयफोन 4चा नमुना एका बारमध्ये राहून गेला आणि ‘गिझमोडो’नं त्याचं पोट उघडून जगाला दाखवलं. जूनमध्ये स्टीव्ह जॉब्झ मंचावर तोच फोन घेऊन आले तेव्हा, हा आधी पाहिला असेल तर मला थांबवा, असं त्यांनीच हसत हसत म्हटलं आणि सभागृह दणाणून गेलं.

सॉफ्टवेअरला ना कारखाना लागतो ना गोदाम. ते एका इमारतीत, थोड्या माणसांच्या यंत्रांवर वाढतं आणि तिथेच दडून राहू शकतं. 2014च्या परिषदेत ॲपलनं स्विफ्ट ही नवी प्रोग्रॅमिंग भाषा जाहीर केली. तिचं काम ख्रिस लॅटनर यांनी 2010 साली, मुख्य कामातून उरलेल्या वेळात एकट्यानं सुरू केलं होतं. चार वर्षांत बाहेर ब्रही निघाला नाही. त्या वर्षीच्या अंदाजांत नवी भाषा कुणीच धरली नव्हती. आम्ही रोज ज्या ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये चौकोनी कंसांची रास रचत होतो, तिची जागा घेणारं काहीतरी पूर्ण तयार होऊन समोर उभं राहिलं. तिचं जाडजूड पुस्तकही त्याच दिवशी फुकट वाचायला मिळालं. गेल्या पंचवीस वर्षांतल्या त्या मंचावरच्या सगळ्या घोषणांत माझ्या लेखी हीच सर्वांत मोठी. तिच्या पेटीचा फोटो काढता येत नव्हता, म्हणून ती अफवांच्या बाजारात आली नाही.

फुटलेल्या बातम्यांवर रचलेल्या अंदाजात मला फारसं कौतुक वाटत नाही. बातमी आणणाऱ्याच्या ओळखी चांगल्या आहेत, एवढंच त्यातून सिद्ध होतं. मला ओढ आहे ती दुसऱ्या प्रकारच्या अंदाजाची: कंपनी कुठे अडली आहे, तिच्यापुढे कोणता रस्ता बंद झाला आहे, हे ओळखून पुढची चाल सांगणारा अंदाज. त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण 2005चं.

तेव्हाचे मॅक पॉवरपीसी जातीच्या प्रोसेसरवर चालत. जी5 हा त्यातला सर्वांत ताकदवान, आयबीएमनं बनवलेला. 2003च्या परिषदेत जॉब्झ यांनी त्याची दोन गिगाहर्ट्झची यंत्रं दाखवली आणि वर्षभरात तीन गिगाहर्ट्झ गाठू असा शब्द दिला. वर्ष उलटलं. 2004 साली यंत्र आलं ते अडीच गिगाहर्ट्झचं, आणि ते गार ठेवायला आत द्रव फिरवणारी यंत्रणा बसवावी लागली होती. ज्याला लक्ष होतं त्यानं इथेच थांबून विचार करायला हवा होता. टेबलाखालच्या ऐसपैस डब्यात ज्या प्रोसेसरला गार ठेवण्यासाठी नळ्या फिरवाव्या लागतात, तो मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये कसा मावणार? लॅपटॉप तर तोवर जुन्या जी4वरच अडकून पडले होते, आणि जग डेस्कटॉप सोडून लॅपटॉपकडे चाललं होतं. कोणताही गुप्त कागद न पाहता, या तीन उघड गोष्टींवरून उत्तर निघत होतं: ॲपलला पॉवरपीसी सोडावा लागणार.

तरी ते मानायला मन तयार नव्हतं. पर्याय उरत होता तो इंटेलचा, आणि इंटेल म्हणजे पलीकडचा गोट. वर्षानुवर्षं ॲपलनं आपल्या जाहिरातींत इंटेलच्या चिपची टर उडवली होती. परिषदेच्या तोंडावर बातम्या आल्या तेव्हाही मॅकवर जीव असणारे कितीतरी जण ही अफवाच आहे असं ठासून सांगत होते. 6 जून 2005ला जॉब्झ यांनी पडद्यावर एवढंच दाखवलं की हे खरं आहे. त्या इंग्रजी वाक्यातलं एक अक्षर इंटेलच्या तेव्हाच्या बोधचिन्हासारखं किंचित खाली घसरलेलं होतं. मग त्यांनी कंपनीच्या आवाराचा आकाशातून घेतलेला फोटो लावला आणि एका इमारतीकडे बोट दाखवलं. तिथे पाच वर्षं एक तुकडी मॅक ओएस टेनची प्रत्येक आवृत्ती इंटेलवरही चालवून पाहत होती, वेळ आलीच तर हाताशी असावी म्हणून. शेवटी त्यांनी ज्या यंत्रावर सकाळपासून सगळी प्रात्यक्षिकं चालली होती, त्याच्या माहितीची छोटी खिडकी उघडली. तिथे पेंटियम 4 असं लिहिलं होतं. 3.6 गिगाहर्ट्झचा.

मी त्या भाषणाचं चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि दर वेळी माझी नजर त्या खिडकीवर खिळते. लोक तासभर जे पाहत होते तो पुरावाच होता, फक्त त्यावर अजून नाव घातलेलं नव्हतं. निर्णयाचं कारणही जॉब्झ यांनी आकड्यांत मांडलं: एका वॅट विजेमागे किती काम निघतं. त्यांच्या तक्त्यात पॉवरपीसीचे 15 आणि इंटेलचे 70 होते. नंतर मॅथेमॅटिकाचे थिओडोर ग्रे मंचावर आले. एवढा अवाढव्य प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरवर आणताना जेमतेम वीस ओळी बदलाव्या लागल्या, असं त्यांनी सांगितलं. समोर बसलेल्या डेव्हलपरांना याच आकड्याची गरज होती. प्रोसेसर बदलला ही बातमी होती. आपलं दुकान बंद पडणार नाही, हे त्या वीस ओळींतून कळत होतं.

पंधरा वर्षांनी इंटेलचीही तीच गत झाली, कारणही तेच होतं. इंटेलचं 10 नॅनोमीटरचं तंत्र वर्षानुवर्षं रखडलं, पातळ मॅकबुक तापू लागले, आणि इकडे आयपॅडमधली ॲपलची स्वतःची चिप लॅपटॉपच्या तोडीचं काम पंख्याशिवाय करू लागली. 22 जून 2020ला ॲपलनं मॅकसाठी स्वतःच्या चिपची घोषणा केली तेव्हा ज्यांना 2005 आठवत होतं त्यांना नवल वाटलं नाही. खुणा आणखीही होत्या. 2019च्या मॅक ओएसमधून 32 बिटचे जुने प्रोग्रॅम काढून टाकले होते. त्याच वर्षी आयपॅडचं ॲप मॅकवर आणायची सोय डेव्हलपरांना दिली होती. नव्या घरी जाण्याआधी जुनं सामान बांधायला काढतात, तसं ते वर्ष होतं.

आमच्या धंद्यातला खरा आडाखा तो हाच. वस्तू यायच्या आधी तिची हत्यारं येतात. 2012 साली आयफोनवर ऑटो लेआउट आलं, म्हणजे पडद्यावरची बटणं कुठे असावीत ते ठरीव मापांत न सांगता एकमेकांच्या नात्यांत सांगायची पद्धत. पडद्याचा आकार तोवर एकच होता, मग ही उठाठेव कशाला? सप्टेंबरात उंच पडद्याचा आयफोन 5 आला. 2014च्या जूनमध्ये पडद्याचे आकार वर्गवारीनं ओळखायची सोय आली आणि सप्टेंबरात दोन मोठे आयफोन 6. 2015 साली आयपॅडवर दोन ॲप शेजारी शेजारी चालू लागली. तेव्हाच्या पडद्यावर ती दाटीवाटीनंच बसायची. त्याच वर्षाअखेर मोठा आयपॅड प्रो आला. 2017 साली एआरकिट आलं तेव्हा प्रश्न पडला, की समोरच्या टेबलावर आभासी वस्तू बघत फोन हातात धरून कोण किती वेळ उभं राहील? हात भरून येतात. म्हणजे हे तंत्र हातांसाठी नव्हतं, डोळ्यांसाठी होतं. 2023च्या 5 जूनला व्हिजन प्रो दाखवला गेला, किंमत 3,499 डॉलर. अफवांनी त्याचा आकार, पट्टे, किंमत यांचा कीस पाडला होता. पण तो का येणार हे सहा वर्षं आधीच आमच्या हातात दिलेल्या हत्यारांत होतं.

नव्यानं या धंद्यात आलेल्या मुलामुलींना मी हे नेहमी सांगतो: तुमच्या हाती एखादं असं अवजार पडलं की ज्याची आज गरजच दिसत नाही, तर ते बाजूला टाकू नका. कुणाच्या तरी गरजेसाठी ते घडलेलं आहे.

या अंदाजांना आणखी एक बाजू आहे. ती पोटाची आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ही हौस आहे, क्रिकेटच्या संघनिवडीवर बोलावं तशी. पण ज्याचं घर एका छोट्या ॲपवर चालतं त्याच्यासाठी जूनचा तो दीड तास म्हणजे वर्षाचा निकाल असतो. 2001 साली वॉटसन नावाचा एक छोटा प्रोग्रॅम मॅकसाठी निघाला. सिनेमाच्या वेळा, शेअरचे भाव, असं इंटरनेटवरचं नेमकं तेवढंच समोर आणून देणारा. 2002 साली ॲपलनं त्याला पारितोषिक दिलं. त्याच वर्षी ॲपलच्या स्वतःच्या शेरलॉक या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली, ती बऱ्याच अंशी तेच काम करणारी, आणि मॅकबरोबर फुकट. तेव्हापासून कुणाच्या ॲपचं काम कंपनीनंच घरात आणलं की त्याला ‘शेरलॉक केलं’ असं म्हणतात. 2004 साली डॅशबोर्ड दाखवला गेला तेव्हा कॉन्फॅब्युलेटरच्या कर्त्यांवर तीच पाळी आली. 2019 साली आयपॅड हा मॅकचा दुसरा पडदा झाला, आणि ल्युना डिस्प्ले, ड्युएट डिस्प्लेसारख्या उत्पादनांचं नेमकं तेच काम होतं.

मुख्य भाषणात प्रत्येक भागाच्या अखेरीस एक पडदा येतो. लहानमोठ्या चौकटी, प्रत्येकीत एखाद्या नव्या सोयीचं नाव. वक्ता त्यातल्या दोन-तीनच वाचून पुढे सरकतो. तो पडदा जेमतेम काही सेकंद टिकतो, पण आम्ही चित्रण थांबवून तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचतो. एका वर्षी आम्ही काही जण एकत्र पाहत होतो. त्यातल्या एकानं वर्षभर खपून कागदपत्रं स्कॅन करणारं ॲप बांधलं होतं, बायकोच्या पगारावर घर चालवून. त्यानं पडदा थांबवला, खुर्ची पुढे ओढली आणि खालच्या ओळीतल्या एका छोट्या चौकटीवर बोट ठेवलं. “दादा, हे बघितलंत?” बाकीचं भाषण त्यानं शांतपणे पूर्ण पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो हिशेबाला बसला: कंपनीची सोय काय काय करत नाही, त्याची यादी. त्या यादीतल्या एका ओळीवर, जुन्या मोडी-देवनागरी दस्तांची पानं लावून ठेवण्यावर, त्याचं ॲप आजही उभं आहे.

कंपनीनं कुठलीच सोय स्वतः देऊ नये, असं माझं म्हणणं नाही. काही गोष्टी यंत्रात मुळातच असायला हव्यात, आणि लाखो लोकांना त्या फुकट मिळाल्या तर ते चांगलंच. पण ज्यांच्या ॲपमुळे ती गरज आधी दिसली, त्यांना भर सभेत पडद्यावरच्या एका चौकटीतून हे कळावं, हे मला आजही बोचतं. अशा वेळी आधीचा अंदाज हा त्या माणसाकडचा एकमेव बचाव असतो.

आता मंचावरच्या घोषणांबद्दल. आपण धरून चालतो की घोषणा झाली म्हणजे तर्क संपला. इतिहास तसं सांगत नाही. तीन गिगाहर्ट्झचा शब्द 2003चा, तो पाळला गेला नाही. 2010 साली फेसटाइम सर्वांसाठी खुलं मानक करू असं त्याच मंचावरून सांगितलं गेलं, ते झालं नाही. 2007 साली जगाला सांगितलं की आयफोनसाठी वेबवर चालणारी ॲप हाच डेव्हलपरांसाठी उत्तम मार्ग. समोरच्या मंडळींचे चेहरे पडले, कारण कंपनीची स्वतःची ॲप तशी बनलेली नव्हती हे त्यांना दिसत होतं. चार महिन्यांत ॲपलनं बेत बदलला आणि जुलै 2008मध्ये ॲप स्टोअर 500 ॲप घेऊन उघडलं. 2024 साली सिरी तुमचे निरोप, भेटीगाठी, फोटो यांचा संदर्भ लावून उत्तर देईल असं दाखवलं. मार्च 2025मध्ये कंपनीनं ते लांबणीवर टाकलं. मंचावर उभा असलेला माणूसही उद्याबद्दलच बोलत असतो आणि त्याचाही आडाखा चुकतो. फरक एवढाच, की त्याच्या शब्दावर हजारो लोक आपल्या वर्षाचं काम बेततात. म्हणून घोषणेलाही आम्ही तीच कसोटी लावतो: हत्यार आज हातात आहे का? बीटा आवृत्तीत ते चालतं का? चालत असेल तर ती घोषणा, नाहीतर तो इरादा.

हे सगळं मराठी माणसानं मराठीत का लिहावं, तर माझं वर्षाचं लक्ष जिथे असतं ती जागा अफवांच्या यादीत कधीच नसते. मधल्या एका आवृत्तीत आयफोनच्या कुलूपबंद पडद्यावरची वेळ देवनागरी अंकांत दाखवता येऊ लागली. या सोयीचा अंदाज माझ्या वाचनात कुठेही आला नव्हता. माझ्या आईनं फोन हातात घेऊन ती वेळ मोठ्यानं वाचली आणि तो दिवसभर खाली ठेवला नाही. चष्मा कधी येणार यावर वर्षानुवर्षं लिहिणाऱ्यांना आपल्या भाषेची चाहूल घेण्यात रस नसेल, तर ती आपणच घ्यायला हवी.

2025च्या परिषदेत डेव्हलपरांना फोनमधलंच भाषेचं मॉडेल वापरायला खुलं झालं. सुमारे तीन अब्ज पॅरामीटरचं, इंटरनेटशिवाय चालणारं, वापराचं बिल न येणारं. माझ्या डोक्यात त्याच क्षणी सातबारा आला. पोटखराबा, भोगवटादार, फेरफार, इतर हक्क: कागद आपल्या नावाचा असूनही त्यावर काय लिहिलंय ते विचारायला माणूस तलाठ्याकडे नाहीतर एजंटाकडे जातो. फोननं तो कागद वाचून, कुठेही न पाठवता, साध्या मराठीत सांगावा, हे आज हातातल्या यंत्राच्या ताकदीबाहेरचं नाही. अडचण भाषेची आहे. 2025 अखेरपर्यंत या मॉडेलच्या भाषांत मराठी नव्हती, हिंदीही नव्हती.

मग माझा आडाखा काय? सप्टेंबर 2025मध्ये ॲपलनं पुण्यात कोरेगाव पार्कला दुकान थाटलं, मुंबईत बीकेसीला तर 2023पासूनच आहे. आयफोन आता भारतात मोठ्या संख्येनं बनतात. यावरून कुणी म्हणेल की मराठी येणारच. मला ही खूण कच्ची वाटते. कोरेगाव पार्कमध्ये फोन विकायला मराठी लागत नाही. कंपनी जिथे अडते तिथेच हलते, हे 2005नं शिकवलं, आणि मराठीवाचून ती अजून कुठे अडलेली नाही. म्हणून माझ्या मते हिंदी आधी येईल, आणि लिपी एकच असल्यानं मराठीला त्यानंतर फार वेळ लागणार नाही. पण तोवर तिची गरज कंपनीला कागदावर दिसत राहायला हवी. त्यासाठी ॲपलनं डेव्हलपरांना अभिप्राय पाठवायची सोय दिलेली आहे. मी तिथे सातबाऱ्याच्या नमुन्यांतली वाक्यं, प्रत्येकीचा अर्थ आणि मॉडेलनं दिलेलं चुकीचं उत्तर, अशी जोडून पाठवतो. नावं आणि गट क्रमांक खोडून. ओळखीच्या डेव्हलपरांनाही पाठवायला लावतो, कारण एकाच मागणीचे अर्ज अनेकांकडून गेले तर तिचं वजन वाढतं. यंदा साडेदहाला भाषण सुरू होईल आणि त्यानंतर काही वेळात बीटा उतरवता येईल. मॉडेलला कोणत्या भाषा येतात ते विचारणारी एक ओळीची आज्ञा असते. ती मी लिहून तयार ठेवली आहे.